विहिरीवर धावून आलेल्या दोघा मुलांचे आभार

मे महिन्यात कोकणातल्या विहिरी तळ गाठतात. समुद्राकाठच्या आमच्या घरी भर दुपारी पंप नुसताच घुरघुरत राहिला, पाणी काही चढेना. टाकी कोरडी, घरात आम्ही दोघंच म्हातारी. पलीकडच्या वाडीतले दोन मुलगे न बोलावताच आले.

आधी त्यांनी मेन स्विच बंद केला, कारण पंप कोरडा चालला की सील जळतं. कमरेला दोर बांधून एकजण विहिरीत उतरला. पाणी खाली गेल्याने फुटव्हॉल्व, म्हणजे पाइपाच्या खालच्या टोकाची, पाणी परत जाऊ न देणारी झडप, उघडा पडून हवा ओढत होता, शिवाय वायसरात वाळू अडकल्याने नीट मिटत नव्हता. त्यांनी वायसर बदलला, पाइपाला तुकडा जोडला, आट्यांवर टेफ्लॉन टेप घट्ट गुंडाळली. गाळ येऊ नये म्हणून व्हॉल्व तळापासून फूटभर वर ठेवला. खाऱ्या वाऱ्याने हिरवी पडलेली, मोटर सुरू व्हायला मदत करणाऱ्या कपॅसिटरची टोकं पॉलिश पेपरने घासली. मग पाइपात पाणी भरून पंप सुरू केला.

विहिरीत उतरण्याआधीच त्यांनी स्वयंपाकघरातला हंडा-कळशी शेंदून भरून ठेवली होती, आणि आंब्याच्या कोवळ्या कलमांनाही पाणी घातलं होतं. ते कुणी सांगितलं नव्हतं. पैसे घेतले नाहीत, कोकम सरबत तेवढं प्यायले.

बाळांनो, मनापासून आभार. तुमचा दोर इथेच राहिलाय. न्यायला याल तेव्हा जेवूनच जा.