मॅडम, तुम्ही माझ्या लेकाला विचारलंत

मिरजेच्या दवाखान्यातल्या रेकॉर्ड विभागातल्या मॅडमना,

सप्रेम नमस्कार.

तुम्हाला मी आठवेन की नाही, माहीत नाही. श्रावणात तासगावहून शेजाऱ्यांच्या पिकअपमधून व्हीलचेअर घेऊन आलेली, फाइलची पिशवी छातीशी धरून उभी असलेली बाई, ती मी. माझा मुलगा १४ वर्षांचा. त्याला डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे, म्हणजे स्नायू हळूहळू निकामी होत जाण्याचा आजार. चालणं थांबलं आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांत पाठ वाकत गेली. डाव्या कोपरावर भार दिल्याशिवाय त्याला बसता येत नव्हतं. कोपराला घट्टा पडला होता. जेवताना तो हात ताटाशेजारी खांबासारखा रोवलेला असायचा.

तुमच्याकडे येण्याआधी आम्ही एका मोठ्या शहरातल्या मोठ्या दवाखान्यात गेलो होतो. नाव घेत नाही. तिथे कागदावर आजाराचा कोड क्यू६७.५ लिहिला गेला, म्हणजे मणक्याचं जन्मजात व्यंग. मिस्टर कुपवाड एमआयडीसीत कामाला आहेत, कंपनीचा विमा आहे. विम्याने कळवलं, जन्मजात व्यंग पॉलिसीत बसत नाही. तिथल्या काउंटरवर तीन वेळा हात जोडले. "सिस्टिममध्ये तेच येतंय," एवढंच उत्तर. मान वर करून माझ्या पोराकडे कुणी पाहिलं नाही. पाहिलं असतं तरी पुरलं असतं मला.

पैशापेक्षाही तो शब्द मला जास्त लागला. आमच्याकडे अजून म्हणतात, ग्रहणात हिने काहीतरी चिरलं असेल. चौदा वर्षं ऐकतेय. तेच आता शिक्का मारून कागदावर आलं असं वाटलं. आजार जनुकातला आहे, माझ्याकडूनच आलाय, हे डॉक्टरांनी मला समजावलं आहे आणि मी ते मान्य केलं आहे. पण माझ्या लेकाची पाठ जन्मतः वाकडी नव्हती हो. सरळ होती. मी तेल लावलंय त्या पाठीला.

तुम्ही फाइल चाळलीत आणि काचेमागून उठून बाहेर आलात. एक प्लास्टिकचं स्टूल ओढून त्याच्यासमोर बसलात, त्याच्या डोळ्यांच्या उंचीला. मी सवयीने बोलायला तोंड उघडलं, तर तुम्ही हाताने हळूच थांबवलंत आणि त्यालाच विचारलंत, "बाळा, तू शेवटचा कधी चालला होतास, आठवतं का?"

तो बराच वेळ गप्प होता. तुम्ही घाई केली नाही. मग म्हणाला, "चौथीत. विसर्जनाला निम्म्यापर्यंत चाललो. मग पप्पांनी खांद्यावर घेतलं."

तुम्ही ते लिहून घेतलंत. लिहिलेलं त्याला दाखवून विचारलंत, "बरोबर आहे ना?" आजवर सगळे त्याच्या डोक्यावरून माझ्याशी बोलायचे. त्या दिवशी पहिल्यांदा त्याचा आजार त्याच्या तोंडून कुणी ऐकला. परतीच्या वाटेवर तो मला म्हणाला, "आई, त्यांनी माझं लिहिलं." एवढंच. मी कवलापूर येईपर्यंत खिडकीकडे तोंड करून रडत होते.

पिशवीतला आठव्या वर्षीचा एक्स-रे तुम्हीच शोधलात. पाठ सरळ. मला समजेल असं सांगितलंत की जन्मजात म्हणजे पोटातच मणके नीट न घडणं. याचे मणके नीट घडलेत, त्यांना धरून ठेवणारे स्नायू गेलेत. त्याला वेगळा कोड आहे, एम४१.४५, आणि सोबत मूळ आजाराचा जी७१.० लागतो, नाहीतर वाचणाऱ्याला कारणच कळत नाही. "पण डॉक्टरांनी लिहिल्याशिवाय मला काही बदलता येत नाही," म्हणालात आणि स्वतः फाइल घेऊन वर गेलात. जेवणाची सुट्टी होती. तुमचा डबा टेबलावर तसाच होता, मी पाहिला.

पुढचं सगळं झालं. विम्याचं पत्र आलं, दिवाळीनंतर ऑपरेशन झालं. चालणं परत येणार नाही, हे आम्हाला आधीच सांगितलं होतं, आणि आम्ही ते मागितलंही नव्हतं. नीट बसता यावं, श्वासाला जागा मिळावी, एवढंच मागितलं होतं.

लोक डॉक्टरांचे आभार मानतात, मीही मानले. पण काचेमागे बसून आकडे लिहिणाऱ्या माणसाच्या हातात केवढं असतं हे कुणाला कळत नाही. एक अक्षर इकडचं तिकडे झालं की घर बसतं. आणि एक माणूस खुर्चीतून उठला की उभं राहतं. अशी माणसं आहेत, मॅडम. मी बघितलीत.

काल त्याने भाकरी दोन्ही हातांनी मोडली. कोपराचा घट्टा मऊ पडत चाललाय.

शेजाऱ्यांची बाग फेब्रुवारीत उतरेल. त्याच पिकअपमधून द्राक्षाची पेटी घेऊन येतोय आम्ही दोघं. नाही म्हणू नका. पेटी तो स्वतः मांडीवर घेऊन येणार आहे.

तुमची,
त्याची आई
तासगाव, जि. सांगली