मिचेल ३०० ची बेल-स्प्रिंग : एका कारागिराला अनावृत आभारपत्र

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

आमच्या बाबांच्या, गळाने मासे पकडायच्या जुन्या मिचेल रीलची तुटलेली बेल-स्प्रिंग तुम्ही नव्याने वळून दिलीत, त्याबद्दल मनापासून आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. तोंडी आभार मी मानले होतेच; पण तुम्ही हात झटकून “अगं, वीतभर तारेचं काम ते” असे म्हणालात आणि विषय संपवलात. मला तो तेवढ्यावर संपवता येत नाही. त्या वीतभर तारेमागे किती विचार होता, हे मी तुमच्या वर्कशॉपात उभी राहून पाहिले आहे आणि खाडीवर गरवायला येणाऱ्या इतरांनाही ते कळावे, अशी माझी इच्छा आहे. म्हणून हे पत्र उघडे लिहिते आहे. तुमचे नाव मात्र तुमच्या स्वभावाला मान देऊन लिहीत नाही.

ज्यांना या वस्तूची ओळख नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगते. बाबा मालवाहू जहाजावर नोकरीला असताना, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, त्यांनी मार्सेय बंदरात ही मिचेल ३०० विकत घेतली. फ्रान्सच्या पूर्वेला, आल्प्सच्या पायथ्याशी क्लूझ नावाचे गाव आहे. तिथल्या कार्पानो ए पोंस या कारखान्यात ती तयार होत असे. हे गाव मुळात घड्याळांचे. १८४८ मध्ये तिथे घड्याळकामाची शाळा सुरू झाली आणि बारीक स्क्रू, दातेरी चाके, नाजूक दांडे घडवणारे हात त्या खोऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या तयार होत गेले. मिचेलचे झाकण उघडल्यावर आतली चाके पाहून तुम्ही क्षणभर थांबलात आणि “हे घड्याळवाल्यांचं काम दिसतंय” असे म्हणालात, तेव्हा तुम्हाला क्लूझविषयी काहीच ठाऊक नव्हते. बाबांना हे सांगितले, तेव्हा त्यांनी तुमचे वाक्य माझ्याकडून पुन्हा एकदा म्हणवून घेतले.

या जातीच्या रीलमध्ये दोऱ्याचे रीळ स्वतः फिरत नाही. गळ फेकला की दोरा रिळाच्या तोंडावरून सुटत जातो, आणि परत ओढताना रिळाभोवती फिरणारा रोटर तो गुंडाळत येतो. ही मूळ कल्पना कापडगिरणीतल्या बॉबिनवरून सुचलेली आहे. आल्फ्रेड इलिंगवर्थ या इंग्रज गिरणीमालकाने १९०५ मध्ये तिचे पेटंट घेतले. बादलीच्या कडीसारखी जी अर्धगोल तार रोटरवर बसवलेली असते, ती बेल. फेकण्याआधी ती उघडायची. फेकून झाल्यावर हँडल फिरवले की आतली कळ सुटते, स्प्रिंग बेलला झटक्याने मिटवते आणि बेल दोरा पकडून रोटरवर आणते. स्प्रिंग मेली की बेल लुळी पडते आणि प्रत्येक फेकीनंतर दोरा बोटाने उचलून जागेवर आणावा लागतो. तरण्या माणसाला ते जमते. बाबा आता ऐंशीच्या घरात आहेत, त्यांचे हात कापतात, आणि चिपळूणजवळच्या गोवळकोटच्या धक्क्यावर तांबोशी माशासाठी बसायची त्यांची वेळ संध्याकाळनंतरची. अंधारात पातळ नायलॉन बोटाने शोधणे त्यांना शक्य नव्हते. स्प्रिंग तुटल्यापासून त्यांनी खाडीवर येणेच सोडले होते, आणि हे त्यांनी आम्हाला स्पष्ट शब्दांत कधी सांगितले नाही.

दुरुस्तीसाठी मी आधी जिथे गेले, तिथे दोन प्रकारची उत्तरे मिळाली. पहिले म्हणजे नवी रील घ्या. ते उत्तर चुकीचे नाही. आजच्या रील हलक्या आहेत, चांगल्या आहेत, आणि मी स्वतः तशीच एक वापरते. पण पन्नासहून अधिक वर्षे ज्या हँडलवर हात बसला आहे, ते हँडल वयाच्या या टप्प्यावर बदलायला सांगणे मला योग्य वाटत नव्हते. दुसरे उत्तर एका दुकानात मिळाले. त्यांनी हाताशी असलेली एक जाड तारेची स्प्रिंग कापून बसवून दिली. बेल मिटायला लागली खरी, पण अशी आदळायची की सगळी रील हादरत असे, आणि उघडायला दोन्ही हात लागत. ती बसवलेली रील मी तुमच्यासमोर ठेवली, तेव्हा तुम्ही दुकानदाराला नावे ठेवली नाहीत. स्प्रिंग काढून बाजूला ठेवलीत आणि एकच प्रश्न विचारलात : जुनीचे तुकडे कुठे आहेत?

सुदैवाने मी ते डबीत जपून ठेवले होते. तुम्ही मोडलेले टोक खिडकीच्या उजेडात धरलेत, डोळ्याला भिंग लावलेत आणि मग भिंग माझ्या हातात दिलेत. ते दृश्य मला आजही जसेच्या तसे आठवते. मोडलेल्या तोंडाचा एका कडेचा चंद्रकोरीएवढा भाग काळपट-तांबूस होता आणि उरलेला भाग खडीसाखरेच्या कड्यासारखा चकचकीत दाणेदार होता. काळा भाग म्हणजे जुनी भेग, असे तुम्ही समजावलेत. पृष्ठभागावर गंजाने सुईच्या टोकाएवढा खड्डा केला, त्या खड्ड्यात ताण एकवटला, बेल दर वेळी उघडता-मिटता भेग केसाकेसाने पुढे सरकली, तिच्यात हवा-पाणी शिरून ती काळी पडली. आणि एक दिवस उरलेल्या तारेला भार पेलवेना, तेव्हा ती एकदम तुटली. तो चकचकीत भाग त्या शेवटच्या क्षणाचा. खड्डा नेमका पायाच्या, म्हणजे वेढ्यांतून बाहेर येणाऱ्या टोकाच्या, वळणावर होता, जिथे स्प्रिंगला मुळातच सर्वांत जास्त सोसावे लागते.

गंज कुठून आला, हे चिपळूणकराला सांगायला नको. २२ जुलै २०२१ च्या पुरात आमच्या तळमजल्यावर वाशिष्ठीचे पाणी चढले आणि खालच्या कपाटातली ही रील चिखलात बुडून राहिली. पाणी ओसरल्यावर बाबांनी ती रॉकेलने धुतली, तेल दिले आणि ती पुढे चालूही राहिली. पण बेलच्या हाताखालच्या बारीक खोबणीत स्प्रिंगचे वेढे एकमेकांना खेटून बसलेले असतात. तिथे शिरलेला गाळ वरवरच्या धुण्याने निघत नाही. पुरानंतर आम्ही घरातल्या कितीतरी गोष्टी टाकून दिल्या. जी एक वाचली असे वाटत होते, तीही आतून झिजत होती, हे त्या भिंगातून पाहताना मन हेलावले.

तुटलेल्या स्प्रिंगचा पुढचा वेढा सोडवून त्याचाच नवा पाय करता येईल का, असे मी विचारले होते. एवढ्या साध्या प्रश्नाला तुम्ही दिलेले उत्तर मी लिहून ठेवले आहे. वेढा कमी झाला की तेवढेच फिरणे उरलेल्या कमी तारेवर वाटले जाते, म्हणजे प्रत्येक वेढ्यावरचा ताण वाढतो आणि ती पहिलीपेक्षा लवकर मोडते. शिवाय एका ठिकाणी खड्डा पडला असेल, तर शेजारीही असणारच. तारेच्या जाडीविषयी तुम्ही जे सांगितलेत, त्याने तर दुकानातल्या त्या आदळणाऱ्या स्प्रिंगचे कोडेच सुटले. स्प्रिंगचा जोर व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. ०.९ मिलीमीटरऐवजी १ मिलीमीटरची तार घेतली, तर नुसत्या डोळ्याला फरक कळणारही नाही, पण जोर सुमारे दीडपट होतो. म्हणूनच तुम्ही गंज न लागलेल्या भागावर मायक्रोमीटर पुन्हापुन्हा लावलात, वेढे मोजलेत, ते कोणत्या दिशेने वळले आहेत ते पाहिलेत आणि दोन्ही पायांमधला कोन कागदावर गिरवून घेतलात. त्यानंतरच तारेला हात लावलात.

स्टेनलेस स्टीलच्या तारेची, म्हणजे न गंजणारी, स्प्रिंग करा, असा माझा आग्रह होता. खाऱ्या हवेत राहणारा कोणीही तोच धरील. तुम्ही तो शांतपणे ऐकून घेतलात. तेवढ्याच जाडीची स्टेनलेस तार पियानो वायरपेक्षा, म्हणजे स्प्रिंगसाठी वापरतात त्या कडक पोलादी तारेपेक्षा, थोडी नरम पडते; या अरुंद जागेत जाडी वाढवायला वाव नाही; आणि मूळ जोर आहे तसाच मिळायला हवा असेल तर पियानो वायर घ्यावी आणि गंजाचा बंदोबस्त ग्रीसने करावा, असे तुमचे मत पडले. मला ते पटले. पुढच्या वेळी कोणी दुसरा कारागीर स्टेनलेस निवडील, आणि तोही चुकीचा ठरणार नाही. पण निवड कशासाठी केली, हे त्याला तुमच्याइतके स्पष्ट सांगता यावे.

वळण्याचे काम मात्र पाहत राहावे असे होते. स्प्रिंग ज्या खुंटावर बसते, त्याच्यापेक्षा बारीक सळई तुम्ही घेतलीत, कारण तार सोडल्यावर थोडी उलगडते आणि वेढ्याचा घेर वाढतो. किती वाढेल, ते तारेतारेवर अवलंबून असते, म्हणून आधी एक चाचणीचा तुकडा वळून पाहिलात. सळईच्या टोकाला खाच पाडून तार अडकवलीत, ती दोन लाकडी ठोकळ्यांमध्ये दाबून धरलीत आणि लेथचा चक, म्हणजे सळई पकडणारा फिरता भाग, मोटर बंद ठेवून हाताने फिरवलात. वेढ्याला वेढा चिकटून बसत गेला. शेवटी ताण सोडताना मला दोन पावले मागे व्हायला सांगितलेत आणि चक उलटा फिरवत सावकाश सोडलात. कारण वळलेली तार मोकळी सुटली तर डोळ्यावर येऊ शकते. पाय वाकवतानाही पकडीच्या धारेवर न दाबता गोल पिनेभोवती वळवलेत, म्हणजे कोपऱ्यात चिरा पडत नाहीत. भार आल्यावर वेढे आवळतील अशाच दिशेने ती बसली पाहिजे, आणि आवळल्यावर आतला घेर कमी होतो म्हणून खुंटाभोवती थोडी मोकळीक राहिली पाहिजे, हेही तुम्ही रोटरवर धरून दाखवलेत.

आणि मग काकूंचा ओव्हन! वळलेल्या तारेत राहिलेला अंतर्गत ताण काढण्यासाठी तिला सुमारे २३० अंश सेल्सिअसला अर्धा तास ठेवावे लागते. तेवढ्यासाठी भट्टी पेटवण्याऐवजी तुम्ही स्वयंपाकघरातला केकचा ओव्हन वापरलात. काकूंनी नानकटाईचा ट्रे बाहेर काढून आमच्या स्प्रिंगांना जागा करून दिली, याबद्दल त्यांचेही मनापासून आभार. बाहेर आल्या तेव्हा तारेवर गव्हाळ-तपकिरी छटा चढली होती.

एक गोष्ट इथे सर्वांसाठी मुद्दाम नोंदवते. गंजलेले भाग व्हिनेगरमध्ये किंवा चिंचेच्या कोळात बुडवून साफ करण्याची पद्धत आपल्याकडे आहे, आणि तांब्यापितळेला ती चालते. कडक पोलादाच्या स्प्रिंगला ती करू नये, असे तुम्ही बजावलेत. आम्लाच्या क्रियेत सुटणारा हायड्रोजन अशा पोलादात शिरतो, ते ठिसूळ होते आणि वरून स्वच्छ दिसणारी स्प्रिंग काही दिवसांनी आपोआप तडकते. रॉकेल, जुना दात घासायचा ब्रश आणि धीर, एवढेच तिला लागते.

जोडणी तुम्ही पाहता पाहता केलीत. खोबणीतला गाळ काढला, बेलच्या खुंटाला, कळीला आणि दोरा जिथून वळतो त्या छोट्या रोलरला नवे ग्रीस दिले आणि हँडल माझ्या हातात दिले. बेल एका झटक्यात मिटली. न आदळता, पण निर्धाराने. त्यानंतरच्या वापराबद्दलच्या तुमच्या सूचना बाबा अक्षरशः पाळत आहेत. रील ठेवताना बेल मिटलेली ठेवतात, म्हणजे स्प्रिंगवर कमीत कमी ताण राहतो. खाडीवरून आल्यावर गोड्या पाण्याने हलकेच धुतात, नळाचा जोराचा फवारा मारत नाहीत. आणि जिथे घाई नाही तिथे बेल हातानेच मिटतात. बाबा पुन्हा धक्क्यावर येऊ लागले आहेत. अंधार पडल्यावर हँडल फिरवतात आणि दोरा आपोआप जागेवर येतो, यापलीकडे त्यांना त्या रीलकडून काही नको आहे.

तुम्ही पैसे घेतले नाहीत. तारेचे तरी घ्या, असे म्हटल्यावर “शिल्लक तुकडा होता” हे उत्तर दिलेत आणि वर एक जादा स्प्रिंग ग्रीस लावून, कागदात गुंडाळून, तारीख घालून दिलीत. ती आम्ही रीलच्या पिशवीत ठेवली आहे.

आता एक विनंती. तुम्ही त्या कागदावर गिरवलेली मापे, म्हणजे तारेचा व्यास, वेढ्यांची संख्या, आतला घेर आणि पायांमधला कोन, मी स्वच्छ आकृतीच्या रूपात काढली आहेत. दाभोळ खाडीच्या काठाने माझ्या ओळखीत अशा जुन्या मिचेल अजून आहेत, बहुतेक जहाजावरून परतलेल्या माणसांनीच आणलेल्या, आणि त्यांतल्या काहींच्या बेल लुळ्या पडून आहेत. ही आकृती त्यांच्या मालकांना द्यावी आणि ज्याला शिकायचे असेल त्याला तुमच्याकडे पाठवावे, असा माझा विचार आहे. पण मापे तुमची आहेत आणि वेळही तुमचा, म्हणून तुमच्या होकाराशिवाय मी ती कोणालाही देणार नाही. आकृतीची एक प्रत या पत्रासोबत पाठवत आहे. तीत काही दुरुस्ती असेल तर लाल शाईने करून ठेवावी. येत्या रविवारी बाबांना घेऊन तुमच्याकडे येणार आहे, तेव्हा घेऊन जाईन.

काकूंना नमस्कार.

तुमची नम्र,
गोवळकोटच्या धक्क्यावर गरवणारी एक मुलगी