पित्ताच्या गोळीआड लपलेला जंतू

महोदय,

सकाळी अनशापोटी पित्ताची गोळी घेतल्याशिवाय चहा न पिणारी माणसं आपल्याकडे घरोघरी आहेत. माझे थोरले बंधू त्यांतलेच. नऊ वर्षं ते मेडिकलमधून पाकिटं आणत राहिले. तपासणी करा, असं त्यांना कुणीच सांगितलं नाही. मीही नाही, याची खंत आहे. शेवटी दुर्बिणीची तपासणी झाली, जठराचा तुकडा काढला आणि त्यात हेलिकोबॅक्टर पायलोरी सापडला.

या जंतूशी माझी जुनी ओळख. पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत आयुष्य गेलं. स्लाइडला गिम्सा रंग दिला की जठराच्या ग्रंथींच्या तोंडाशी, चिकट स्रावात, स्वल्पविरामासारखे वाकडे निळे जंतू दिसतात. युरियापासून अमोनिया तयार करून ते स्वतःभोवतीचं आम्ल मारतात, म्हणून तिथे तगतात. काही प्रकारचे जंतू तर सुईसारख्या नळीतून 'कॅगए' नावाचं प्रथिन थेट आपल्या पेशीत सोडतात. मग पेशींची एकमेकींवरची पकड ढिली होते आणि त्यांना वाढीचे चुकीचे संकेत मिळतात. जठराचं अस्तर एरवीही काही दिवसांत नवं होतच असतं. पण सूज वर्षानुवर्षं राहिली की झीज भरून काढायला पेशी जास्त वेगाने विभागतात, आणि प्रत्येक विभाजनात डीएनएची नक्कल चुकण्याचा धोका असतो. दादांच्या जठरात काही ठिकाणी आतड्यासारख्या पेशी दिसल्या, त्या कर्करोगाकडे नेऊ शकणाऱ्या याच वाटेवरच्या.

ऑस्ट्रेलियातल्या पर्थचे डॉक्टर बॅरी मार्शल यांनी 1984 मध्ये हे जंतू स्वतः पिऊन जठराला सूज आणून दाखवली. त्यांना आणि त्यांचे सहकारी रॉबिन वॉरन यांना 2005 चं नोबेल मिळालं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 1994 मध्येच या जंतूला कर्करोगकारक ठरवलं. लागण झालेल्या बहुतेकांना कर्करोग होत नाही, हेही तितकंच खरं. पण जंतूचं निदान श्वासाच्या किंवा शौचाच्या साध्या चाचणीने होत असताना आम्ही नुसतं आम्ल का दाबत बसतो? (आम्ल कमी करणारी गोळी दोन आठवडे आधी डॉक्टरांना विचारून थांबवावी लागते, नाहीतर जंतू असूनही चाचणी निगेटिव्ह येऊ शकते.) वजन घटत असेल, शौचाला काळं होत असेल तर चाचणीचीही वाट पाहू नये, थेट डॉक्टर गाठावा.

औषधांचा कोर्स बहुधा चौदा दिवसांचा. तोंड कडू होतं म्हणून दादांनी सहाव्या दिवशीच तो सोडला, आणि अर्धवट औषधाने जंतू मेला नाही. दुसऱ्या खेपेला औषधं बदलून दिली. तेव्हा मी रोज रात्री फोन करून "गोळ्या घेतल्या का?" विचारत होते. महिन्याभराने केलेली श्वासाची चाचणी निगेटिव्ह आली. अस्तरातला बदल मात्र पुसला जाईलच असं नाही, त्यामुळे दुर्बिणीची पुढची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे.

— एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, मिरज