ऑल्ट टेक्स्ट म्हणजे गुगलचा नैवेद्य नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतला ऑल्ट टेक्स्टवरचा, म्हणजे संकेतस्थळावरच्या फोटोसाठी कोडमध्ये लिहायच्या वर्णनावरचा, लेख वाचला. विषय घेतलात, आनंद आहे. पण ‘ऑल्टमध्ये जितके जास्त कीवर्ड, तितकी बातमी गुगलवर वर’ हा सल्ला वाचून हात जोडले. ऑल्ट मुळात ज्याला फोटो दिसत नाही त्याच्यासाठी असतो. एनव्हीडीए, टॉकबॅकसारखे स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी सॉफ्टवेअर, तो वाचून दाखवतात. नेट रखडून फोटो उघडला नाही तर त्या जागी तोच दिसतो.

तुमच्याच संकेतस्थळावरची गोदेच्या पुराची बातमी घ्या. फोटोत गोदाघाटावरची दुतोंड्या मारुतीची मूर्ती. ऑल्ट काय? ‘नाशिक बातम्या, नाशिक पूर, गोदावरी, मराठी बातम्या, ताज्या बातम्या’. अहो, नाशिककर तो फोटो बघतो कशाला? पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागलंय, कमरेला की छातीला, एवढ्यासाठी. ‘दुतोंड्या मारुतीच्या छातीपर्यंत पुराचे पाणी’ लिहा, झाले काम. हाच फोटो घाटाच्या इतिहासावरील लेखात गेला तर पाण्यापेक्षा मूर्तीबद्दल सांगावे लागेल. फोटो कुठे लागला आहे, त्यावर ऑल्ट ठरतो. लेखात याचा उल्लेखच नाही.

‘चे छायाचित्र’ ही शेपटीही नको, कारण ते चित्र आहे हे स्क्रीन रीडर स्वतःच सांगतो. फोटोओळीत आलेले ऑल्टमध्ये पुन्हा नको, नाहीतर तेच दोनदा ऐकावे लागते. नुसत्या शोभेच्या वेलबुट्टीला ऑल्ट रिकामा ठेवायचा, म्हणजे अवतरणचिन्हांची जोडी द्यायची आणि मध्ये काही लिहायचे नाही. ऑल्टच सगळा गाळला तर कित्येकदा, विशेषतः फोटो लिंक असेल तेव्हा, फाइलचे नाव आकड्यांसकट वाचले जाते. फोटो लिंक असेल तर ती कुठे नेते ते लिहावे. लासलगावच्या कांदा दराचा आलेख असेल तर ऑल्टमध्ये भाव चढला की पडला एवढेच, आकडे खाली तक्त्यात. आणि पानाची भाषा मराठी आहे हे कोडमध्ये नोंदवा. नाहीतर इंग्रजी आवाज देवनागरीची वाट लावतो किंवा गप्पच बसतो.

विषय निघालाच आहे तर आणखी एक. इथल्या एका सरकारी कार्यालयाच्या संकेतस्थळावर पाणीकपातीची सूचना म्हणजे सही-शिक्क्याच्या कागदाचा फोटो असतो, किंचित तिरका. ऑल्ट: ‘सूचना’. धन्य! कुठला प्रभाग, किती ते किती, कोणाला फोन करायचा, सगळे चित्रात अडकलेले. सगळी सूचना ऑल्टमध्ये कोंबणे हाही उपाय नव्हे. तिथला मजकूर एका दमात वाचला जातो, त्यात परिच्छेद नसतात, फोन नंबर कॉपी करता येत नाही. दिव्यांग हक्क कायदा 2016 चा, त्याचे कलम 42 इलेक्ट्रॉनिक माध्यमांतला मजकूर सर्वांना वापरता यावा असे सांगते. सूचना आधी संगणकावर टाइप होतेच. तोच मजकूर पानावर चिकटवावा. जुन्या फॉन्टात असेल तर आधी युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकाला वाचता येणाऱ्या अक्षरांत, बदलून घ्यावा. शेजारी शिक्क्याचा फोटो खुशाल लावा, कोणी अडवलेले नाही.

— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक