आम्ही घर घेतलंय

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार,

फोनवर सांगायला गेले की बाबा "बरं बरं" करत फोन आईकडे देतात आणि आई जेवलीस का विचारते. म्हणून लिहितेय. आम्ही लंडनचा भाड्याचा फ्लॅट सोडतोय. लंडनबाहेर लेचवर्थ नावाचं गाव आहे, तिथे घर घेतलंय. सह्या झाल्या.

आधी का नाही विचारलं, असं वाटेल. विचारलं असतं तर तुम्ही "तुमचं सुख ते आमचं सुख" म्हणाला असतात आणि आई रात्रभर जागी राहिली असती. समीरची नोकरी तीच राहते, किंग्ज क्रॉसहून गाडीनं अर्धा-पाऊण तास. आणि ते तीन मजल्यांचे जिने संपले. गेल्या वेळी बाबा दर मजल्यावर थांबून खिडकीतून "बघत" होते, ते कळत होतं मला.

बाबा, ते गाव बघायला गेलो तेव्हा सारखे तुम्ही आठवत होतात. सुट्टीत मी तुमच्या नगररचनेच्या ऑफिसात नकाशांच्या अमोनिया प्रिंटच्या वासात बसायचे आणि तुम्ही रद्दीतल्या नकाशावर बागांची आरक्षणं हिरवी करायला द्यायचात. त्या चौकोनांवर पुढे कशी गुंठेवारी उभी राहिली, हे जेवताना रोज ऐकलंय आपण. इथे आधी जमीन घेतली, मग नकाशा काढला, मग घरं बांधली. १९०३ साली सुमारे ३,८०० एकर शेतजमीन. पार्कर आणि अन्विन या दोघांनी आखणी केली. कारखाने पूर्वेला, कारण वारा बहुतेक नैर्ऋत्येकडून येतो आणि धूर गावाबाहेर जातो. भोवती शेतं राखलेली. घरं एकरी साधारण १२, प्रत्येकाला परसबाग. तुम्ही एफएसआयचा, म्हणजे जागेवर किती बांधता येतं त्याचा, हिशोब मांडाल, माहीत आहे.

आई, ज्याची ही उद्याननगरीची कल्पना तो एबेनेझर हॉवर्ड ना आर्किटेक्ट ना इंजिनिअर. पार्लमेंटात लघुलेखक होता, म्हणजे स्टेनो, तुझ्याच जातकुळीचा. त्याचं म्हणणं असं की वस्ती वाढली म्हणून जमिनीचा भाव वाढतो, तर ती वाढ वस्तीलाच मिळावी. जमीन एका कंपनीच्या हाती ठेवायची, भाडं गावावर खर्चायचं, भागधारकांना लाभांश पाच टक्क्यांच्या वर नाही. १९६० च्या सुमारास बाहेरच्या एका कंपनीनं शेअर गोळा करून हे सगळं गिळायचा घाट घातला, तेव्हा १९६२ मध्ये पार्लमेंटात कायदा करून गाव सोडवून घेतलं. आता हेरिटेज फाउंडेशन नावाची संस्था ते सांभाळते. तिचं सिनेमा थिएटर आहे, शेत आहे. घराचा दर्शनी दरवाजा बदलायचा तरी त्यांची परवानगी लागते. समीर वैतागलाय. मला वाटलं, बाबा खूश होतील.

१९०७ साली इथे एक पब उघडला, पण त्यात दारूच नाही! चहा, कोको, वर्तमानपत्रं. नानाकाकांना तिथे पाठवायला हवं होतं.

तुमची खोली तळमजल्यावर आहे, बाथरूम लागूनच, कमोडशेजारी दांडा बसवून घेतेय. हीटर खोलीतूनच कमी-जास्त होतो. कढीपत्ता, तूरडाळ, ज्वारीचं पीठ सगळं मिळतं, चकलीचा सोऱ्या आणायचा नाही. गावात गुरुद्वाराही आहे, आईला सकाळी कुठे जाऊन बसावंसं वाटलं तर. जवळच नॉर्टन कॉमन म्हणून मोठं रान आहे, तिथे काळ्या खारी दिसतात. बाकडी भरपूर आहेत, म्हणजे गुडघा कुरकुरला की बसता येईल.

आता जे लिहायला जड जातंय ते. यंदा दिवाळीनंतर परत येऊ म्हणाले होते, ते आता लवकर होणार नाही. वरची खोली रंगवून ठेवलीत, माझी पुस्तकं पुसता, सगळं ठाऊक आहे. आई, मी अजून आजारी पडले की तुझ्या मऊभाताचाच वास येतो मला. घर घेतलं म्हणजे सांगली सोडली असं नाही. पण खोली बंद ठेवू नका. वालचंदमधल्या एखाद्या मुलाला भाड्यानं द्या, रात्री-अपरात्री हाक मारायला कोणीतरी असेल. पैशांसाठी नाही म्हणत. माझी पुस्तकं खोक्यात घालून माळ्यावर टाकली तरी चालेल, फक्त बाबांनी स्वतः स्टुलावर चढायचं नाही. कुणाला तरी बोलवा.

मे महिन्यात यायचंय, दोन-तीन महिने तरी. बाबांचा पासपोर्ट संपत आलाय, तो याच आठवड्यात नूतनीकरणाला टाका, "बघू" नको. व्हिसाला पुण्याला जावं लागेल, गाडी मी इथून ठरवीन, एसटीचा हट्ट नको. आईची तीन महिन्यांची शुगर तपासून रिपोर्टचा फोटो पाठवा. औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट हातातल्या बॅगेत ठेवायची, मोठ्या बॅगेत नाही. आणि बाबा, गुडघ्याचा एक्सरे अजून काढलेला नाहीये. परवा आईनं सांगितलं, तिच्यावर ओरडू नका.

तुमची,
मनू

ता. क. इथला एक चौक ब्रिटनमधला पहिला राउंडअबाउट म्हणून मिरवतो, साधारण १९०९ चा. बाबा, तिथे उभे राहून विश्रामबाग चौकाच्या वाहतुकीवर काय बोलायचं ते बोला, पण एक्सरे आधी.