सगळ्या गाड्यांना एकच चिठ्ठी कशी?

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात माझी पेट्रोलवर चालणारी छोटी मोटार सर्व्हिसिंग करून घरी आणली, तेव्हा पुढच्या काचेच्या कोपऱ्यात ‘पुढील ऑइल बदली : ५,००० किमी किंवा ६ महिने’ अशी चिठ्ठी चिकटवलेली होती. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत मात्र त्याच इंजिनासाठी १०,००० किलोमीटर किंवा १ वर्ष, यांपैकी जे आधी होईल ते, असे स्पष्ट छापलेले आहे. मी विचारले तेव्हा तेथील सल्लागार म्हणाला, “काका, आपल्याकडची धूळ आणि ट्रॅफिक बघता पाचच बरं.” त्याच रांगेत महामार्गावर महिन्याला तीन हजार किलोमीटर फिरणाऱ्या एका विक्री प्रतिनिधीची गाडी उभी होती, तिच्या काचेवरही तीच चिठ्ठी होती. मी आठवड्यातून तीन-चार वेळा बाजार आणि दवाखाना एवढ्यापुरतीच गाडी काढतो. गाडी कशी वापरता, हे त्या सल्लागाराने आम्हा दोघांपैकी कोणालाही विचारले नाही, आणि या दोन इंजिनांना एकच मुदत कशी लागू पडते, हे सांगितलेही नाही.

साखर कारखान्याच्या वाहन विभागात ३२ वर्षे काम केल्यामुळे या विषयावर थोडे लिहिण्याचे धाडस करतो. पाच हजारांचा नियम काही कोणी खोडसाळपणे काढलेला नाही. आम्ही कामाला लागलो त्या काळात डिझेलमध्ये गंधकाचे प्रमाण प्रचंड असे. गंधक जळले की आम्ल तयार होते आणि ते मारण्यासाठी ऑइलमध्ये घातलेली अल्कधर्मी द्रव्ये झपाट्याने संपतात. त्यातून ऑइल साधे खनिज, फिल्टर बेताचे. अशा स्थितीत जुने मिस्त्री पाच हजारांवर चेंबरचा (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याचा) नट खोलत, ते शहाणपणाचेच होते. पुढे इंधन बदलत गेले. बीएस-४ (‘भारत स्टेज’ या वाहनांच्या धुरासाठीच्या सरकारी मानकांची चौथी पायरी) इंधनात गंधकाची मर्यादा दशलक्ष भागांत ५० भाग होती, ती १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या बीएस-६ इंधनात १० भागांवर आली. ऑइलही आता बहुतांशी सिंथेटिक किंवा अर्धसिंथेटिक असते. कारण गेले तरी नियम तसाच राहिला, आणि त्याच्याभोवती बिलाचे अर्थकारण उभे राहिले.

तरीही १०,००० हा आकडा डोळे झाकून पाळावा, असे मी म्हणत नाही. त्याच पुस्तिकेत, बहुधा मागच्या बाजूला आणि बारीक अक्षरांत, ‘कठीण परिस्थितीतील वापर’ अशा अर्थाचे एक वेगळे पान असते. सतत जवळच्या फेऱ्या, धुळीचे रस्ते, तासन्तास रेंगाळणारी वाहतूक, घाटातील चढ किंवा मागे ओढलेले वजन यांपैकी काही नित्याचे असेल, तर मुदत कमी करावी, अनेकदा निम्मी, असे तेथे सांगितलेले असते. म्हणजे सल्लागाराचे म्हणणे काहींच्या बाबतीत खरेच आहे. माझी तक्रार एवढीच आहे की, कोणाच्या बाबतीत, हे ठरवण्याचे काम त्याने केलेच नाही.

हे ठरवण्यासाठी ट्रॅक्टरकडे पाहावे. आमच्या विभागात जीपगाड्यांची नोंद किलोमीटरवर आणि ट्रॅक्टरांची नोंद तासांवर असे. ट्रॅक्टर दिवसभर नांगरून संध्याकाळी त्याच बांधावर उभा असतो, त्यामुळे तो किती अंतर गेला याला अर्थ नसतो. म्हणून त्याच्या मीटरवर तास मोजले जातात आणि आमच्याकडच्या यंत्रांचे ऑइल २५० तासांच्या हिशेबाने बदलले जाई. मोटारगाडीचे इंजिन यापेक्षा निराळे नाही. चाके थांबली तरी ते चालूच असते. आपण मात्र मोजतो चाकांचे फेरे.

माझा मुलगा पुण्यात वारज्याहून हिंजवडीला नोकरीसाठी जातो. अंतर साधारण १५ किलोमीटर, आणि गर्दीच्या वेळी त्याला एक तास सहज लागतो. या गतीने १०,००० किलोमीटर व्हायला इंजिन सुमारे ६६५ तास चालते. उलट पुणे-कोल्हापूर महामार्गावर सरासरी ताशी ६० किलोमीटर धरले, तर तेवढ्याच अंतराला सुमारे १६५ तास पुरतात. (त्या रस्त्याची सध्याची अवस्था पाहता ही सरासरी धरणे धाडसाचे आहे, हे मान्य.) म्हणजे चौपट फरक झाला. येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. सिग्नलला उभ्या इंजिनावर भार कमी असतो, त्यामुळे तेथील एक तास आणि महामार्गावरील एक तास सारखे नव्हेत. मला विचाराल तर जळालेले इंधन हे त्याहून न्याय्य माप आहे, कारण ऑइलमध्ये उतरणारी घाण बहुतांशी इंधनातूनच येते. गर्दीत लिटरला १० आणि महामार्गावर १८ किलोमीटर मिळत असतील, तर १०,००० किलोमीटरसाठी एकीकडे १,००० लिटर आणि दुसरीकडे साधारण ५५५ लिटर पेट्रोल जळते. म्हणजे शहरातल्या गाडीचे ऑइल जवळपास दुप्पट राबते. चौपट नव्हे, पण सारखेही नव्हे.

सर्वांत फसवे प्रकरण माझ्यासारख्यांच्या गाड्यांचे आहे. वर्षाला जेमतेम ३,००० किलोमीटर होतात, त्यामुळे ‘अजून ऑइलला हातही लागलेला नाही’ असे वाटते. प्रत्यक्षात एक लिटर पेट्रोल जळले की जवळपास एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. त्यातले बहुतेक धुरांड्यातून निघून जाते, पण थोडी वाफ पिस्टनच्या रिंगांजवळून खाली चेंबरमध्ये उतरते. थंड इंजिनात न जळलेले पेट्रोलही त्याच वाटेने येते. ऑइल चांगले तापले, तर हे दोन्ही उडून जातात. मात्र इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या तापमानाचा काटा मध्यावर आला म्हणजे ऑइल तापले असे नसते, त्याला बराच अधिक वेळ लागतो. दोन किलोमीटरवरच्या मंडईत जाऊन आलेल्या गाडीचे ऑइल जेमतेम कोमट झालेले असते. ऑइल भरण्याच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली, तर पाणी साचते आहे असे समजावे. ती पुसल्यावरही वाढत राहिली, तर हेडगॅस्केट (इंजिनाच्या वरच्या सांध्यातील, पाणी ऑइलमध्ये जाऊ न देणारी चकती) तपासून घ्यावे. म्हणूनच पुस्तिकेत किलोमीटरबरोबर ‘किंवा १ वर्ष’ असे लिहिलेले असते, आणि कमी फिरणाऱ्यांनी पाहायचे ते तेच दोन शब्द.

ऑइलचा रंग पाहून निर्णय घेण्याची सवय आपल्याकडे फार आहे. मिस्त्री ऑइल मोजण्याची पट्टी बाहेर काढतो, दोन बोटांत थेंब चोळतो आणि ‘काळं झालंय’ म्हणून निकाल देतो. डिझेल इंजिनात नवे ऑइल काही शे किलोमीटरांतच काळे पडते, कारण काजळी आपल्यात धरून ठेवणे हेच त्याचे काम असते. याउलट सीएनजीवर काजळी फारशी होत नाही. त्या गाडीचे ऑइल महिनोन्महिने स्वच्छ दिसते, पण जास्त उष्णतेने आतून विटत आणि घट्ट होत जाते. पट्टीवर रंगापेक्षा पातळी पाहावी. गाडी सपाट जागेवर उभी करून, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटे थांबून, महिन्यातून एकदा हे करायला पैसे लागत नाहीत. पातळी खाली गेली, तर त्याच दर्जाचे ऑइल वर घालावे. पातळी वाढलेली दिसली, तर मात्र खूश होऊ नये. धुराची काजळी गाळणारी जाळी असलेल्या बीएस-६ डिझेल गाड्या नेहमी शहरातच फिरत राहिल्या, तर जाळी जाळून साफ करण्यासाठी फवारलेले जादा डिझेल ऑइलमध्ये मिसळते, आणि पातळ झालेले ऑइल बेअरिंगांना पुरेसा आधार देत नाही. अशा वेळी किलोमीटर कितीही असोत, ऑइल लगेच बदलावे. त्या गाड्यांना राखेचे प्रमाण कमी असलेले, पुस्तिकेत दिलेल्या दर्जाचेच ऑइल लागते. दुकानदाराने ‘हेही चालतं’ म्हणून दिलेला डबा जाळी तुंबवून मोठ्या खर्चात पाडू शकतो.

आणखी एक इशारा. परदेशात ३०,००० किलोमीटरपर्यंत ऑइल चालते, असे वाचून आपली मुदत वाढवू नये. तेथील ते ऑइल, ते इंजिन आणि ते रस्ते तिघेही वेगळे आहेत, आणि हमीच्या काळात पुस्तिकेतील मुदत ओलांडली, तर इंजिनाचा दावा फेटाळण्यासाठी कंपनीच्या हाती आयतेच कारण मिळते. बिले जपून ठेवावीत.

लवकर बदललेल्या ऑइलने इंजिनाचे नुकसान होत नाही, मग एवढा काथ्याकूट कशाला, असे कोणी म्हणेल. छोट्या पेट्रोल गाडीत साधारण तीन ते साडेतीन लिटर ऑइल बसते, मोठ्या डिझेल गाडीत पाच-सहा लिटर. विनाकारण बदललेल्या प्रत्येक वेळी तेवढे जळके ऑइल बाहेर पडते आणि ते बांधकामातील सेंटरिंगच्या प्लेटांना किंवा वाळवी लागू नये म्हणून कुंपणाच्या डांबांना फासले जाते, तेथून जमिनीत आणि विहिरीत मुरते. वापरलेले तेल हा कायद्याने घातक कचरा आहे, आणि १ एप्रिल २०२४ पासून ते परत गोळा करून पुनर्प्रक्रिया करवून घेण्याची जबाबदारी उत्पादक व आयातदारांवर आली आहे. आपले जुने ऑइल कोठे जाते, हे ग्राहकाने सर्व्हिसिंगच्या वेळी अवश्य विचारावे.

उत्पादकांना माझी विनंती आहे की, ‘कठीण परिस्थिती’चे ते पान मराठीत आणि पहिल्या काही पानांत छापावे. आजच्या गाड्यांच्या संगणकाला इंजिन किती वेळ चालले आणि किती इंधन जळाले याचा हिशेब ठेवणे मुळीच अवघड नाही. काही गाड्या तर त्यावरून ऑइलचे उरलेले आयुष्यही दाखवतात. ही सोय स्वस्त गाड्यांतही द्यावी. सर्व्हिस सेंटरच्या जॉबकार्डावर रोजची फेरी किती किलोमीटरची आणि तिला किती वेळ लागतो, हे दोन प्रश्न वाढवले, तरी काचेवरच्या चिठ्ठीवर काय लिहायचे ते आपोआप ठरेल. तोवर मी माझ्या गाडीचे ऑइल दर वर्षी पावसाळा संपल्यावर बदलणार आहे, मग किलोमीटर कितीही झालेले असोत. मुलाला ६,००० वर बदलायला सांगितले आहे, आणि काचेवरची ती चिठ्ठी मी काढून टाकली आहे.

आपला,
साखर कारखान्याच्या वाहन विभागातील एक निवृत्त पर्यवेक्षक,
मिरज