मुदतपूर्व बाळाच्या मेंदूसाठी...

महोदय,
नवजात अतिदक्षता कक्ष आता जिल्ह्याच्या ठिकाणीही झाले आहेत, याचे समाधान वाटते. पण अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या मेंदूची काळजी ते आईच्या पोटात असतानाच घेता येते, हे फार थोड्या कुटुंबांना माहीत असते. ३२ आठवड्यांच्या आत प्रसूती टळणार नाही असे दिसले, तर आईला मॅग्नेशियम सल्फेट द्यावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०१५ ची शिफारस आहे. त्यामुळे बाळाला सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर नीट ताबा न राहणे) होण्याचा धोका साधारण ३० टक्क्यांनी घटतो.

औषध स्वस्त आहे आणि गरोदरपणातल्या झटक्यांसाठी प्रसूती कक्षात वापरातलेही आहे. ४ ग्रॅम औषध वीसेक मिनिटांत, हळूहळू शिरेतून जाते. त्या वेळी बाईच्या अंगातून गरम वाफा निघाल्यासारखे होते, ते तिला आधीच सांगावे, नाहीतर ती घाबरते. मग गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया, श्वास आणि लघवी यांवर लक्ष ठेवायचे. झटक्यांच्या रुग्णांसाठी आमच्या परिचारिका हेच करतात.

बाळाच्या फुप्फुसांसाठी आईला द्यायच्या स्टिरॉइड इंजेक्शनची बऱ्याच ठिकाणी आठवण ठेवली जाते, मॅग्नेशियम मात्र घाईत राहून जाते. आरोग्य विभागाने प्रसूतीच्या केसपेपरवर आणि रेफर चिठ्ठीवर तीन रकाने छापावेत: किती आठवडे, स्टिरॉइड दिले का, मॅग्नेशियम दिले का. नातेवाइकांनीही हे प्रश्न न संकोचता विचारावेत.

– एक निवृत्त परिसेविका